ब्रिस्टल–बाथ रेल्वे पाथ आणि टू टनेल्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबर ते मे, आठवड्यातून तीन-चार फेऱ्या, बहुतेक सायकलने आणि अधूनमधून पायी. इंग्लंडमध्ये मोटारींपासून पूर्ण वेगळी वाट कशी असते हे पाहायचं असेल तर हीच पाहावी. मात्र सांधे कुठे कच्चे आहेत ते माहीत करून घेऊन निघावं.

मुख्य वाट 13 मैलांची, म्हणजे 21 किलोमीटर. 1966 मध्ये या लोहमार्गावरच्या प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि 1979 ते 1986 या काळात टप्प्याटप्प्याने तिथे ही वाट झाली. स्वयंसेवकांच्या या कामातूनच पुढे सस्ट्रान्स ही सायकल आणि पायी वाटांसाठी काम करणारी संस्था आणि देशभरचं सायकल मार्गांचं जाळं उभं राहिलं. वाट साधारण तीन मीटर रुंद, डांबरी, आणि मुळात रेल्वेची असल्याने चढ इतका हलका की व्हीलचेअर किंवा बाबागाडीवाल्यालाही दम लागत नाही. वॉर्मलीला मोठा रस्ता सिग्नलवर ओलांडावा लागतो. बिटनच्या जुन्या स्टेशनात चहा मिळतो आणि शेजारच्या रुळांवर हौशी मंडळी वाफेची इंजिनं चालवतात.

त्रासाचं पहिलं कारण झाडांची मुळं. मुळं डांबर खालून उचलतात आणि आडवे उंचवटे तयार होतात. 25 मिमी रुंद टायरमध्ये ठासून हवा भरली तर प्रत्येक उंचवटा मनगटात जाणवतो. 35 मिमी टायर आणि 50–55 पीएसआय दाबाची हवा इथे सर्वांत चांगली.

दुसरं कारण काटे. पक्ष्यांच्या विणीचा हंगाम सोडून कडेच्या झुडपांची छाटणी होते, म्हणजे नेमकी शरद-हिवाळ्यात. हॉथॉर्नचे कापलेले काटे ओल्या पानांखाली दिसत नाहीत. पंक्चर झाल्यावर नुसती ट्यूब बदलू नका. काट्याचं टोक टायरच्या आत मोडून राहतं आणि पुढच्याच मैलात नवी ट्यूबही जाते. टायर बसवतानाच त्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर ठेवावं. मग ट्यूबवरचं भोक सापडलं की टायरवरची जागाही तिथल्या तिथे कळते. आतून बोट हळूच फिरवावं, टोक लागलं की बारीक चिमट्याने ओढावं. हा चिमटा पंक्चरच्या डबीत कायम असू द्या.

थंडीत सकाळी एव्हन नदीवरच्या पुलांवर सांभाळा. पुलाला खालूनही वारा लागतो, त्यामुळे बाकी वाट नुसती ओली असताना तिथे बर्फाचा पातळ थर धरतो. त्यावर ब्रेक दाबू नये की हँडल वळवू नये, सरळ जाऊ द्यावं.

बिटनच्या पुढे बाथकडे दिवे नाहीत. पुढचा दिवा प्रखर असला तरी प्रकाश आठ-दहा मीटरवर जमिनीवर पडेल असा खाली झुकवावा, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात. संध्याकाळी सर्वांत धोक्याची वस्तू म्हणजे कुत्र्याचा लांब होणारा बारीक पट्टा: माणूस एका कडेला, कुत्रा दुसऱ्या, आणि मधली दोरी दिसतच नाही. घंटा वीसेक मीटर आधी वाजवा. अगदी जवळ येऊन वाजवली की माणूस दचकून नेमका आडवा येतो.

बाथकडचा सांधा मात्र कच्चा. ब्रासमिल लेनला रुंद डांबर संपतं आणि पुढे नदीकाठची अरुंद वाट लागते. शनिवार-रविवारी तिथे सायकलवरून उतरलेलंच बरं. ही या एकाच मार्गाची अडचण नव्हे. 2020 मध्ये राष्ट्रीय जाळ्याचा सुमारे चौथा भाग मूळ नकाशातून वगळावा लागला, कारण तो मोटारींच्या रस्त्यांवरून जात होता आणि पुरेसा सुरक्षित नव्हता. मला तो निर्णय पटतो. नकाशावरची रेघ लांब दिसावी म्हणून लहान मुलांना ट्रकच्या बाजूने चालवायचं हे योग्य नव्हेच.

2013 मध्ये खुला झालेला टू टनेल्स, म्हणजे बाथजवळच्या दोन जुन्या रेल्वे बोगद्यांतून जाणारा मार्ग, हा या जाळ्याचा सर्वांत देखणा तुकडा. पहिला डेव्हनशायर बोगदा 409 मीटर, दुसरा कूम डाउन 1,672 मीटर. कूम डाउनला हवेचे झरोके नाहीत. 1929 मध्ये इथेच मालगाडीचे कर्मचारी धुराने बेशुद्ध पडले, गाडी बाथच्या यार्डात जाऊन आदळली आणि तिघांचा जीव गेला. आज आत धूर नाही, पण बारा महिने सारखाच गारठा आणि दमटपणा असतो. हिवाळ्यात आत शिरताना आणि मेच्या उकाड्यात बाहेर पडताना चष्म्यावर वाफ धरते, म्हणून तोंडाशीच वेग कमी करावा. पातळ जाकीट हाताशी ठेवावं. आतले दिवे पहाटे 5 ते रात्री 11 पर्यंतच असतात आणि तेही मंद, तेव्हा स्वतःचा दिवा हवाच.

बोगदे आणि कालवा मिळून 13 मैलांची वर्तुळाकार फेरी होते. ती बोगद्यांकडून सुरू करावी. बाथहून पहिल्या बोगद्यापर्यंत 50 ला 1 असा चढ आहे, तो ताज्या पायांनी संपतो. कूम डाउनमध्ये मिडफर्डकडे उतार लागतो. मिडफर्ड ते कालव्यावरचं डंडास हा मोटारींच्या रस्त्याचा चढउताराचा तुकडा, तिथे मुलांना मोठ्यांच्या मधोमध घ्यावं. शेवटी कालव्याकाठची सपाट वाट उरते. पावसानंतर तिथे इतका चिखल उडतो की पूर्ण लांबीचे मडगार्ड लावल्याशिवाय जाऊ नये.