वर्तुळकंस की क्लोथॉइड: रेल्वेमार्गाचे वळण कसे आखावे?

रेल्वेमार्गाला वळण देण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे वर्तुळकंस. त्याची त्रिज्या सर्वत्र सारखी असल्यामुळे तपासणी सुकर होते: ४०० मीटर त्रिज्येच्या वळणावर २० मीटरची दोरी रुळाच्या आतल्या कडेला ताणली, तर तिच्या मध्यापासून रुळापर्यंतचे अंतर कुठेही सुमारे १२५ मिलिमीटरच भरायला हवे.

खरी अडचण आहे ती सरळ मार्ग संपून कंस सुरू होतो त्या बिंदूवर. गाडी सेकंदाला २० मीटर वेगाने तेथे पोहोचली, तर वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून मिळणारे आडवे त्वरण शून्यावरून एकदम १ मीटर प्रति सेकंद वर्ग होते, आणि तो झटका प्रवाशांना जाणवतो तसाच रुळांनाही सोसावा लागतो. गणितज्ञ ऑयलरने १७४४ मध्ये अभ्यासलेल्या क्लोथॉइड या वळणरेषेत मात्र वक्रता, म्हणजे वळणाची तीव्रता, अंतराच्या प्रमाणात वाढत जाते. त्यामुळे बाहेरचा रूळ टप्प्याटप्प्याने उंच करायलाही जागा मिळते.

क्लोथॉइडची आखणी किचकट आहे, लांबीही जास्त लागते. तरीही वेगवान गाड्यांसाठी निव्वळ कंसावर विसंबणे मला अयोग्य वाटते. प्रत्यक्षात मधला भाग कंसाचा आणि दोन्ही टोकांना क्लोथॉइडसारखे संक्रमण वक्र, म्हणजे सरळ मार्ग आणि कंस यांना जोडणारे वक्र, अशीच रचना बहुधा करतात. संथ गतीच्या यार्डात साधा कंस पुरतो.