जॉन्सनची डिक्शनरी की वेबस्टरची?

जुने इंग्रजी शब्द चाळायचे असतील तर दोन नावं लगेच येतात, लंडनच्या सॅम्युअल जॉन्सनची १७५५ची आणि अमेरिकेतल्या नोआ वेबस्टरची १८२८ची. जॉन्सन म्हणजे नुसती धमाल. ‘ओट्स’चा अर्थ काय दिलाय बघा, इंग्लंडमध्ये घोड्यांना घालतात पण स्कॉटलंडमध्ये माणसं यावर जगतात असं धान्य! आणि गंमत म्हणजे त्याच्या हाताखालचे सहापैकी पाच मदतनीस स्कॉटिशच होते, बिचारे गप लिहीत बसले असतील. डिक्शनरी लिहिणारा म्हणजे ‘निरुपद्रवी हमाल’ असंही त्यानेच लिहिलंय. पण ‘नेटवर्क’ म्हणजे साधी जाळी, तिचा अर्थ इतका अवघड लिहिलाय की तो कळायला परत डिक्शनरीच उघडावी लागते.

वेबस्टरकडे असली मजा नाही, माणूस धार्मिक आणि शिस्तीचा, सत्तरीत पोचला तेव्हा ग्रंथ छापून आला. पण शब्द सत्तर हजारांच्या आसपास, जॉन्सनचे बेचाळीस-त्रेचाळीस हजार, शिवाय ‘स्कंक’सारखे अमेरिकेतले शब्द आणि ‘कलर’मधला यू उडवलेला. नीट अर्थ हवा असेल तर वेबस्टर घ्या, मी मात्र रात्री झोप येत नसली की जॉन्सनच उघडतो.