कोलंबसच्या स्टेडियमबाहेरून परत यावे लागले, त्याची हकिकत

३० नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी आणि माझे ७१ वर्षांचे वडील ओहायो राज्यातील कोलंबस शहरात, ओहायो स्टेडियमच्या प्रवेशद्वाराशी उभे होतो आणि माझ्या फोनवरची अमेरिकी फुटबॉलच्या सामन्याची दोन तिकिटे तेथील यंत्राने तिसऱ्यांदा नाकारली होती. त्या तिकिटांसाठी मी एकूण ५०० डॉलर मोजले होते. पैसे गेल्याचे वाईट वाटते, परंतु सांगलीहून आलेल्या वडिलांना जे दाखवायचे म्हणून तीन तास गाडी चालवत नेले ते न दाखवताच परत आणावे लागले, याचे दुःख अधिक आहे. आपल्या विद्यापीठाच्या संघामागे परगावी जाणारे मराठी विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी आता अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून घडले ते, माझ्या चुकांसह, क्रमाने लिहिते आहे.

ज्यांना या खेळाचे वेड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. मी अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात शिकले. तेथील फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा, अडवण्याचा आणि एकमेकांना जमिनीवर पाडण्याचा तो अमेरिकी खेळ आहे. खेळणारे विद्यार्थी असतात, तरी मिशिगन स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे, म्हणजे वानखेडेवर मावतात त्याच्या तिपटीहून अधिक माणसे तेथे एका वेळी बसतात. मिशिगन आणि कोलंबसचे ओहायो स्टेट विद्यापीठ यांच्यातील चुरस १८९७ पासूनची आहे. दोघांचा सामना थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरच्या शनिवारी, एक वर्ष आमच्याकडे आणि एक वर्ष त्यांच्याकडे होतो. त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातील पाट्यांवर जेथे जेथे ‘एम’ हे अक्षर असेल तेथे तेथे लाल पट्टीने फुली मारलेली असते. तारुण्यात कबड्डी खेळलेल्या माझ्या वडिलांना दूरचित्रवाणीवर हा खेळ पाहता पाहता गोडी लागली होती आणि सहा महिन्यांच्या मुक्कामात एक तरी सामना मैदानात बसून पाहायचाच, असे त्यांनी ठरवले होते.

घरच्या मैदानावर फसण्याची शक्यता कमी असते, कारण तिकीट कार्यालय ओळखीचे असते, विभाग पाठ असतात, आणि शेजारी बसणारी माणसेही दरवर्षी बहुधा तीच असतात. परगावी यातले काहीच नसते. यजमान विद्यापीठ पाहुण्या संघाला ठराविक तिकिटे देते आणि ती बहुतांशी देणगीदार व हंगामी तिकीटधारक यांच्या वाट्याला जातात. इतरांना पुनर्विक्रीच्या बाजारात जावे लागते आणि तेथे मिळेल ती जागा बहुधा यजमानांच्या समर्थकांमध्ये असते. मला मात्र वडिलांना आपल्या पिवळ्या-निळ्या रंगाच्या माणसांत बसवायचे होते. माझी ही इच्छाच मला तिकिटे विकणाऱ्या भामट्याने हेरली, असे आता मागे वळून पाहताना वाटते.

आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या एका गटात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकाने लिहिले की, त्याच्याकडे पाहुण्यांच्या विभागातील दोन तिकिटे आहेत, सासूबाई आजारी असल्यामुळे जाता येत नाही आणि ती ‘आपल्याच’ माणसाला द्यायची आहेत. खाते कित्येक वर्षांपूर्वीचे होते. त्यावर पदवीदान समारंभाचे छायाचित्र होते, अ‍ॅन आर्बरच्या रस्त्यांवरची छायाचित्रे होती. दर तिकिटाला २२० डॉलर, म्हणजे त्या दिवशीच्या पुनर्विक्रीच्या दरापेक्षा थोडासाच कमी. त्याने निम्मी किंमत सांगितली असती तर मी तेथेच थांबले असते. मी तिकिटाचे चित्र मागितले, त्याने विभाग, रांग आणि आसनक्रमांक स्पष्ट दिसेल असे फोनच्या पडद्याचे चित्र पाठवले. शेजारी कागदावर माझे नाव व तारीख लिहून पुन्हा छायाचित्र काढायला सांगितले, तेही दहा मिनिटांत आले. आपण पुरेशी खातरजमा केली, असे मला तेव्हा मनापासून वाटले. वास्तविक असे चित्र कोणालाही तयार करता येते, त्यावरून तिकीट त्याच्या मालकीचे आहे हे मुळीच सिद्ध होत नाही. खाते खरे होते, माणूस खोटा होता. मूळ मालकाने दोन आठवड्यांनंतर कळवले की त्याचा पासवर्ड चोरीला गेला होता आणि त्याच्या नावावर कोण बोलत होते हे त्यालाही ठाऊक नव्हते.

आता पैशांचा भाग. पेपालमध्ये वस्तूखरेदीचा पर्याय निवडून क्रेडिट कार्डाने पैसे देते, असे मी सुचवले होते. त्यात शुल्क कापले जाते आणि पैसे काही दिवस अडकून पडतात, असे सांगून त्याने झेलवरून पाठवण्याचा आग्रह धरला. झेलमध्ये एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे काही मिनिटांत पोहोचतात आणि एकदा पोहोचले की परत घेता येत नाहीत. व्यवहार रोख रकमेसारखाच. समोर आलेले नाव वेगळे होते, तर ते पत्नीचे खाते असल्याचे उत्तर मिळाले. रक्कम भरल्यावर बँकेच्या पडद्यावर प्रश्न आला की, या व्यक्तीला तुम्ही ओळखता का आणि तिच्यावर तुमचा विश्वास आहे का. मी ‘होय’वर बोट ठेवले. मी तिला ओळखत नव्हते. तो एक क्षण मला अजूनही जसाच्या तसा आठवतो, कारण पुढे सगळे त्या एका उत्तरावर अडले. नंतर त्याने तिकीट हस्तांतराचे शुल्क म्हणून आणखी ६० डॉलर मागितले आणि एवढे दिले आहेत तर हेही देऊन टाकू, अशा विचाराने मी तेही दिले.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, घरी पाहुणे असताना आणि माझे हात कणकेत असताना, ‘तुम्हाला दोन तिकिटे पाठवण्यात आली आहेत’ असा ईमेल आला. तिकिटे विकणाऱ्या कंपनीचे बोधचिन्ह, रंग, अक्षरांची ठेवण सारे ओळखीचे होते. दुवा उघडल्यावर दोन्ही आसने दिसली आणि बारकोड सामन्याच्या दिवशी सकाळी दिसेल, असे खाली लिहिलेले होते. शनिवारी सकाळी तो खरोखर दिसला. पाठवणाऱ्याचा संपूर्ण पत्ता मी पाहिला असता तर कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त असल्याचे लक्षात आले असते. फोनवर फक्त नाव दिसते, पत्ता बोट लावल्याशिवाय दिसत नाही.

प्रवेशद्वारावरच्या मुलीने अतिशय सौजन्याने तीन वेळा प्रयत्न केला आणि तिकीट त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये उघडून दाखवायला सांगितले. अ‍ॅपमध्ये काहीच नव्हते. तिने आम्हाला बाजूच्या मदत कक्षात पाठवले. तेथील गृहस्थांनी माझा ईमेल पत्ता घालून शोध घेतला आणि त्या नावावर एकही तिकीट नसल्याचे सांगितले. मग त्यांनी स्वतःचा फोन काढून खरे तिकीट कसे असते ते दाखवले. बारकोडवरून एक निळसर रेषा सतत इकडून तिकडे सरकत होती आणि कोड स्वतःच बदलत होता. म्हणूनच त्याच्या स्थिर चित्राचा दारात काही उपयोग होत नाही. माझ्या फोनवरचा बारकोड एखाद्या बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा निश्चल होता. आमच्यामागे मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सहून आलेले एक जोडपे रांगेत होते. त्यांचा फोन आणि माझा फोन आम्ही शेजारी शेजारी धरले, तर विभाग तोच, रांग तीच, आसनेही तीच दोन. आणखी किती जणांना ती विकली होती कोण जाणे.

वडील दोन स्वेटर, वर कोट आणि माकडटोपी अशा वेशात शून्याखालच्या थंडीत शांतपणे उभे होते. आतून वाद्यवृंदाचा आवाज आला तेव्हा ते म्हणाले, “अगं, जाऊ दे. जरा वेळ थांबू, आवाज तरी ऐकू.” आम्ही भिंतीला लागून पंधरा-वीस मिनिटे उभे राहिलो. रस्त्यावर तिकिटे विकणारे हिंडत होते, पण त्यांच्याकडे वळण्याचे धैर्य माझ्यात उरले नव्हते. शेवटी लेन अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका उपाहारगृहात, लाल सदऱ्यांच्या गर्दीत, ओहायो स्टेटच्याच एका कुटुंबाने आमची हकिकत ऐकून आम्हाला टेबलावर जागा करून दिली. तेथील दूरचित्रवाणीवर आम्ही तो सामना पाहिला. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर होते, आमच्या संघाने त्या हंगामात पाच सामने गमावले होते आणि कोणीही आम्हाला विजयाची आशा दाखवत नव्हते. ४५ सेकंद उरली असताना डॉमिनिक झ्वाडाने २१ यार्डांवरून चेंडू खांबांमधून पलीकडे मारला आणि मिशिगनने १३–१० असा सामना जिंकला, सलग चौथ्या वर्षी. उपाहारगृहात कोणी बोलेना. ज्यांनी आम्हाला जागा दिली त्यांच्यासमोर ओरडणे योग्य नव्हते. वडिलांनी टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला. भिंतीपलीकडे, काही मिनिटांच्या अंतरावर, हे सारे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकले असते.

सोमवारी बँकेकडे तक्रार केली. तीन आठवड्यांनी उत्तर आले की, व्यवहार खातेदाराने स्वतः आणि इशारा वाचून मंजूर केला असल्यामुळे रक्कम परत देता येत नाही. एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्रात आणि ग्राहकहित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे ऑनलाइन तक्रारी नोंदवल्या, शहराच्या पोलिसांकडून अहवाल क्रमांक घेतला. पैसे आजवर मिळालेले नाहीत. तरीही तक्रार अवश्य करावी, कारण एकाच खात्याविरुद्ध अनेक नोंदी झाल्या तरच त्या खात्याचा माग काढण्याला जोर येतो. ग्रँड रॅपिड्सच्या जोडप्यानेही ती केली.

मला जे आधी ठाऊक असायला हवे होते ते असे. खरे हस्तांतर विक्रेता अ‍ॅपमधून तुमच्या ईमेल पत्त्यावर करतो, तुम्ही ते स्वतःच्या खात्यात स्वीकारता आणि त्याच क्षणी त्याच्या फोनवरचा बारकोड नाहीसा होतो. त्यासाठी वेगळे शुल्क मागणारा माणूस खोटा समजावा. ईमेलमधील दुवा उघडू नये. अ‍ॅप स्वतः उघडून तिकीट आपल्या खात्यात आले आहे की नाही ते पाहावे आणि ते आल्याशिवाय एक डॉलरही देऊ नये. पैसे शक्यतो क्रेडिट कार्डानेच द्यावेत, कारण वस्तू मिळाली नाही तर त्या व्यवहाराला हरकत घेता येते. पेपालवर मित्र-नातेवाइकांसाठीचा पर्याय निवडल्यास मात्र खरेदीदाराचे संरक्षण मिळत नाही. एकाच विद्यापीठाचे असणे ही ओळख धरू नये. माणूस खरोखर ओळखीचा असेल तर फोनवर त्याचा आवाज ऐकावा. माझे त्याच्याशी सगळे बोलणे लेखी झाले होते आणि एकदाही मी फोन केला नव्हता.

२० सप्टेंबर २०२५ रोजी मिशिगनचा सामना नेब्रास्काविरुद्ध लिंकन येथे होता. या वेळी खरेदीदाराला हमी देणाऱ्या पुनर्विक्री संकेतस्थळावरून एकच तिकीट घेतले, महाग पडले, आणि जागाही वरच्या रांगेत, सगळीकडे लाल सदरे असलेल्या ठिकाणी मिळाली. सामन्याच्या दिवशी सकाळी अ‍ॅप उघडून बारकोडवरची रेषा सरकताना पाहिली आणि सांगलीला व्हिडिओ कॉल करून वडिलांना ती दाखवली. तिकडे संध्याकाळ झाली होती. चष्मा लावून त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि विचारले, “पैसे कार्डानेच दिलेस ना?”