सोलापुरातला स्पॅनिशचा क्लास : व्याकरण पक्कं, कान मात्र फक्त माद्रिदचा

सात रस्त्याजवळ शनिवार-रविवारी सकाळी चालणारा हा क्लास. नाव देत नाही, कारण खाली जे खटकलंय ते बाहेरच्या बऱ्याच क्लासेसनाही लागू आहे. येणाऱ्यांत एमआयडीसीतल्या टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसातली मंडळी जास्त, कॉलेजची पोरं थोडी.

पहिल्या पातळीचं शिकवणं चोख आहे. 'सेर' आणि 'एस्तार' (दोन्हींचा अर्थ 'असणे') घोटून घेतात, गृहपाठ खरोखर तपासतात. उच्चाराची सुरुवातही योग्य जागेवरून होते. इंग्रजीच्या सवयीने 'तिएनेस'चं 'टिएनेस' करणाऱ्याला लगेच थांबवतात. त आणि द मराठी तोंडाला फुकट मिळालेत, ते वापरा म्हणतात. 'पेरो' म्हणजे 'पण', त्याला आपला साधा र पुरतो. 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, तिथे जीभ दोन-तीनदा थरथरायला हवी, आणि तेवढा सराव करून घेतात. 'च' हा 'चार'मधला, 'चाक'मधला नव्हे, हेही सांगतात.

गाडी अडते ती पुढे. पुस्तक स्पेनचं, ऑडिओ स्पेनचा, आणि 'ग्रासिआस' (धन्यवाद) म्हटलं की 'ग्राथिआस' असं दुरुस्त करतात. ही दुरुस्ती चुकीची आहे. दातांमध्ये जीभ घालून काढायचा तो आवाज स्पेनच्या बहुतेक भागात आहे खरा, पण अख्ख्या लॅटिन अमेरिकेत, कॅनरी बेटांवर आणि आंदालुसियाच्या मोठ्या भागात तिथे सरळ 'स' आहे. परीक्षेतही 'स' चालतो. फक्त एकदा थ, एकदा स अशी भेसळ नको. 'होसे' या नावातल्या ह चंही तेच. घसा खरवडून काढलेला ख़ माद्रिदचा. कॅरिबियनमध्ये आणि कोलंबियात मऊ ह पुरतो.

'वोसोत्रोस' (स्पेनमधलं 'तुम्ही लोक') याची रूपं घोकण्यात बरेच तास जातात. ती ओळखता आली की झालं. अटलांटिकपलीकडे तुम्ही-लोकांसाठी 'उस्तेदेस'च. उलट 'वोस' (म्हणजे 'तू') शिकवतच नाहीत, आणि अर्जेंटिना-उरुग्वेच्या ग्राहकाशी बोलायचं तर पहिल्या वाक्यापासून तोच लागतो. अवघडही नाही: मूळ क्रियापदातला शेवटचा र काढा, स लावा, जोर शेवटच्या स्वरावर द्या. तेनेर-तेनेस, पोदेर-पोदेस, विविर-विविस. 'सेर'चं 'सोस' असे थोडे अपवाद. अर्ध्या तासाचं काम आहे.

टॉवेलवाल्यांसाठी तर शब्दांचा तक्ताच हवा होता. टॉवेल म्हणजे 'तोआया', पण ब्युनोस आयर्सचा माणूस फोनवर 'तोआशा' म्हणेल, कारण तिथे य चा श होतो. आणि अंघोळीचा मोठा टॉवेल त्याच्याकडे 'तोआशोन'. टेरीचं कापड स्पेनमध्ये 'रिसो' (माद्रिदच्या तोंडी 'रिथो'), मेक्सिकोत 'फेल्पा'. पांघरायचं ब्लँकेट स्पेनमध्ये 'मान्ता', मेक्सिको-कोलंबियात 'कोबिहा', अर्जेंटिना-चिली-पेरूत 'फ्रासादा'. बस पकडणं या अर्थी पुस्तकात 'कोहेर' आहे. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात ती शिवी-पातळीची गोष्ट होते. सगळीकडे 'तोमार' वापरा, लाज वाचते.

आकड्यांत चूक महाग पडते. 60 'सेसेन्ता', 70 'सेतेन्ता': खराब लाइनवर दोन्ही सारखेच. म्हणून अंक सुटे म्हणवून घ्यावेत, 'सेइस सेरो', 'सिएते सेरो'. क्यूबा, डॉमिनिकन रिपब्लिक, पनामा इथे शब्दाच्या शेवटचा स गळतो किंवा नुसता ह होतो, त्यामुळे 'दोस'चं 'दो' ऐकू येतं. आणि कोटेशनमधला ठिपका: अर्जेंटिना, चिली, स्पेनमध्ये 1.500 म्हणजे दीड हजार. मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेच्या बहुतेक देशांत तेच दीड. भाव लिहिताना हजारासाठी ठिपका-स्वल्पविराम काहीच न घालता 1500 लिहिलं की वाद मिटतो. हे क्लासमध्ये यायलाच हवं होतं.

ऐकण्याचा सराव घरी करायचा तर क्रम महत्त्वाचा. आधी बोगोटा, मेक्सिको सिटी: उंचावरच्या या शहरांत व्यंजनं शाबूत राहतात. मग ब्युनोस आयर्स, मग कॅरिबियन, चिली अगदी शेवटी. तिथे स गळतो, 'आदो'चं 'आओ' होतं, वर प्रत्येक वाक्याला 'पो' आणि 'काचाय' हे खास तिथले शब्द. थेट चिलीपासून सुरुवात करणारे महिन्याभरात क्लास सोडतात. कोलंबिया एक देश म्हणून एकच बोली, असंही समजू नये. बोगोटाचा माणूस आणि कार्ताहेनाचा माणूस यांच्यात पुणेरी आणि सोलापुरी मराठीइतकं अंतर सहज आहे, फरक एवढाच की इथे कन्नड-तेलुगूचा हात आहे, तिथे समुद्रकिनाऱ्याचा.

शेवटी मिळणारं सर्टिफिकेट भिंतीवर लावायला ठीक. नोकरीत किंवा परदेशी प्रवेशाला देले किंवा सिएले ही स्पॅनिशची परीक्षा लागते. देले इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेची, तिचं प्रमाणपत्र कायमचं. सिएले हीच संस्था मेक्सिको, सालामांका आणि ब्युनोस आयर्सच्या विद्यापीठांसह घेते. ती संगणकावर होते, चार भागांचे मिळून 1000 गुण. तिच्या ऑडिओत निरनिराळ्या देशांचे आवाज असतात, त्यामुळे नुसता माद्रिदचा कान घेऊन गेलेला तिथे अडखळतो.

माझं मत: व्याकरणासाठी पैसे वसूल, ऐकण्या-बोलण्यासाठी नाहीत. डेमोला बसलात तर सरांना दोनच गोष्टी विचारा: अर्जेंटिनातल्या माणसाला 'तुला हवंय का' कसं विचारायचं, आणि पहिल्या तीन महिन्यांत स्पेनबाहेरचा किती ऑडिओ ऐकवणार. 'केरेस' हे उत्तर जोर शेवटच्या अक्षरावर देऊन आलं, तर फी भरायला हरकत नाही.