मेंढ्या घेतल्या, तोंड न उघडता

"सहा मेंढ्या, सगळ्या गाभण, दोन-चार दाती, स्वभावाला गरीब." दोन-चार दाती म्हणजे तरण्या. फोनवर एवढं ऐकूनच मी हरखले. शेताच्या कडेला थोडं गवताळ रान पडून होतं. ओळखीतल्या एकांनी दिलेल्या दोन मेंढ्या त्यात चरायच्या. आता जरा कळप म्हणावा असं काहीतरी व्हावं, एवढीच हौस. विक्रेत्याला आधी त्या हौसेचाच वास लागला असणार.

संध्याकाळची वेळ त्यानेच दिलेली. मी पोचले तेव्हा मेंढ्या टेम्पोत भरून तयार होत्या. "ताई, तुमचा खोळंबा नको म्हणून आधीच चढवल्या." मला तर त्याचं कौतुकच वाटलं! गाडीत उभी केलेली मेंढी चालून दाखवत नाही, हे डोक्यातच आलं नाही. दाट लोकर, टम्म पोटं. त्याने हाताशी असलेल्या एकीचा ओठ खाली ओढून दात दाखवले. मधोमध दोन मोठे, बाजूला बारीक दुधाचे. दोन दातीच होती ती, त्यात खोट नव्हती. मी मान डोलावली आणि बाकीच्या पाचजणींची तोंडं उघडायला सांगितलीच नाहीत. लसीच्या नोंदी "मागाहून पाठवतो" म्हणाला. पैसे मात्र दोनदा मोजून घेतले.

सकाळी बघते तर पोटं बसलेली. मीठ चाटवायचं, वर भरपूर पाणी पाजायचं, की रिकामं जनावरही भरलेलं दिसतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. लोकरीत बोटं खुपसून पाठीवरून हात फिरवला, तर एकेक मणका बोटांना टोचत होता. आदल्या संध्याकाळी मी त्याच लोकरीवरून लाडाने हात फिरवला होता, नुसता वरवर.

मग दात. मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे टणक हिरडी असते. खालचे आठ बघायचे. साधारण सव्वा-दीड वर्षाला मधली जोडी पक्की येते, पुढे वर्षाला एकेक जोडी, आणि चार वर्षांच्या आसपास आठही पूर्ण होतात. त्यानंतर ते लांबतात, फाकतात, पडतात. पाचांपैकी तिघींचे मधले दात गायब. चौथीच्या तोंडात एकच लांबट पिवळा दात, बोट लावलं की हलणारा. अशा मेंढीला आखूड गवत तोडताच येत नाही. ती दिवसभर चरताना दिसते आणि खंगत जाते.

डॉक्टरांनी एकीची खालची पापणी अंगठ्याने ओढून दाखवली. आत लालसर गुलाबी हवं, इथे कागदासारखं पांढरं. पोटातले जंत रक्त पितात त्याची ही खूण. दुसरीच्या जबड्याखाली पाणी साचून मऊ पिशवी लोंबत होती, तीही त्यातलीच. त्या संध्याकाळच्या उजेडात मला ती दिसली नव्हती.

सगळ्यात मोठी चूक मात्र माझी, त्यात त्याचा हात नाही. आणल्या दिवशीच मी त्या सहाजणींना माझ्या दोघींत सोडलं. नवीन जनावर तीन-चार आठवडे वेगळं ठेवायचं असतं, हे मी वाचलेलं होतं. पण वेगळा आडोसा केला नव्हता, म्हटलं काय होतंय. नव्यातली एक गाडीतून उतरली तीच लंगडत. प्रवासाने अवघडली असेल, अशी मी समजूत घातली. तिचा खूर उलटा करून बघितला तेव्हा बेचक्यातली कातडी सुटलेली होती, आणि वास असा की हात तीनदा धुतले तरी जाईना. पंधरवड्यात माझ्या जुन्या दोघीही गुडघे टेकून चरायला लागल्या.

गाभणपणाचं तर विचारूच नका. "दोन महिने झालेत" म्हणाला होता. मेंढीचे दिवस सुमारे 147, म्हणजे आणखी तीन महिने. मी कॅलेंडरवर खुणा करत बसले. सहातली एक व्यायली, तीही त्या हलत्या दाताची. कोकरू सडाला लागायचं आणि ओरडायचं. कास चाचपली तर अर्धी बाजू दगड. जुना कासदाह. आधीच्या वेतात कास गेली म्हणूनच बहुधा विकायला काढली असेल. ते कोकरू बाटलीवर वाढवलं, रात्री उठून उठून.

फोन केला तेव्हा तो म्हणाला, "ताई, जितराब आहे, यंत्र नाही." त्यानंतर नंबर बंद.

पुढच्या वेळी दुसऱ्या एकांकडे गेले. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी मेंढ्या कडक जमिनीवरून हाकून दाखवल्या, एकीला धरून खाली बसवलं आणि म्हणाले, "हिची कास बघा. ही घेऊ नका."