पीएचडीला जेस्टोर पुरेसं आहे का? माझं मत

इतिहास, समाजशास्त्र, साहित्य यातलं काही करत असाल तर सुरुवात जेस्टोरपासूनच (संशोधन लेखांची ऑनलाईन लायब्ररी) करा, डोळे झाकून. जर्नलचे जुने अंक अगदी पहिल्यापासून स्कॅन केलेत, ईपीडब्ल्यूचे (इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली) जुने लेख पण मिळतात, आणि कॉलेजचं लॉगिन नसलं तरी फुकट अकाउंट काढून ३० दिवसात १०० लेख ऑनलाईन वाचता येतात, जे आपल्याकडच्या छोट्या गावातल्या विद्यार्थ्यांसाठी खरंच खूप मोठी गोष्ट आहे.

पण एक लक्षात ठेवा, बऱ्याच जर्नलचे शेवटचे ३ ते ५ वर्षांचे अंक त्यात नसतात, त्यामुळे लिटरेचर रिव्ह्यू (आधी झालेल्या कामाचा आढावा) फक्त जेस्टोरवर केला तर गाईड हमखास विचारणार की नवीन काम कुठंय. त्यासाठी स्कोपस बघा, ती संशोधन लेखांची सूची आहे, तिथे पूर्ण लेख नाही पण कोणी कोणाच्या लेखाचा संदर्भ दिलाय ते नीट कळतं. मेडिकलवाल्यांनी सरळ पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायची साईट, तिथे शोधणं फुकट.

आणि मराठी विषय असेल तर शोधगंगा हवंच हवं! इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या लायब्ररी जोडणाऱ्या सरकारी केंद्राचं आहे, भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये मिळतात. सर्च करताना देवनागरी आणि रोमन दोन्ही स्पेलिंग टाकून बघा, नाहीतर अर्धे प्रबंध दिसतच नाहीत.

सरकारी कॉलेजात असाल तर लायब्ररीत जाऊन वन नेशन वन सबस्क्रिप्शनचं (सरकारी कॉलेजांना जर्नल वाचायला देणारी केंद्र सरकारची योजना) विचारा, जानेवारी २०२५ पासून सुरू आहे आणि कितीतरी पोरांना माहीतच नाही.