ग्लोबल फिशिंग वॉच: समुद्र कोण उपसतंय ते दाखवणारा फुकट नकाशा

२०१६ पासून सगळ्यांसाठी खुला आहे, पैसे लागत नाहीत. मोठ्या बोटींवरच्या एआयएस यंत्राचे (बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र) सिग्नल सॅटेलाइट पकडतात आणि बोटीचा वेग, वळणं बघून कॉम्प्युटर अंदाज लावतो की ही नुसती चाललीये की जाळं ओढतीये. अर्जेंटिनाच्या बाजूला झूम करून बघा, त्या देशाची २०० सागरी मैलांची मासेमारीची हद्द संपते तिथेच स्क्विड पकडणाऱ्या परदेशी बोटींच्या ठिपक्यांची भिंतच उभी दिसते, मी बघतच राहिलो, कारण मासा काय हद्द बघून पोहत नाही ना, तिथे उपसला की किनाऱ्यावरच्या छोट्या होडीला काय उरणार?

पण एक गोष्ट खटकतेच. लहान होड्यांवर बहुतेक एआयएस नसतंच, म्हणजे ज्यांचं पोट यावर आहे तेच नकाशावर गायब. आणि मोठ्या बोटी सिग्नल बंद करू शकतात, २०२४ च्या त्यांच्याच अभ्यासात औद्योगिक मासेमारी बोटींपैकी साधारण तीन चतुर्थांश अशा ट्रॅकिंगमध्ये दिसतच नाहीत असं निघालं. म्हणून रिकामा दिसणारा समुद्र रिकामा समजू नका. मच्छीमार संघटनांनी मोठ्या बोटींविरुद्धच्या तक्रारीसोबत याचे स्क्रीनशॉट तारखेसकट जोडावेत, मी तरी ४ स्टार देईन.